आरवतंय कोण?

कोंबडी आरवली की जग बुडतं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणारे सगळे कोंबडे. शिलाँगच्या आमच्या वस्तीत घरं बायकांच्या नावावर, बाजार बायकांच्या हातात, पण वस्तीचा दरबार, म्हणजे आमची पंचायत, भरला की हॉलच्या आत फक्त पुरुष. आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभं राहून भोंग्यावर ऐकायचं. माझं चहा-भाताचं दुकान हॉलच्या समोरच, त्यामुळे मला बसल्या जागी सगळं ऐकू येतं आणि बसल्या जागीच माझं डोकं तापतं.

दायाहुन माझी शेजारीण. पोस्टात काउंटरवर बसते, शिक्के मारतानाही ताल सोडत नाही. गिटार तिला मामानं शिकवली. मामा गेला तेव्हा त्याची गिटार आणि लाल पत्र्याचं पेडल तिच्याकडे आलं. ते पायानं दाबलं की गिटारीचा आवाज खरखरीत, रागीट होतो, आणि तो तिला शोभतो. वस्तीच्या बँडमध्ये ती मामाच्या जागेवर उभी राहते आणि नाताळाआधीच्या कार्यक्रमात त्याचं गाणं वाजवते. वर्षातला तेवढा एक दिवस ती कुणाचं ऐकत नाही. तशी ती एरवीही ऐकत नाही म्हणा, पण त्या दिवशी पेडलवर पाय असतो.

यंदा पहिल्या तालमीला तिनं पेडल दाबलं आणि हॉलभर अशी गुरगुर सुरू झाली की बास. तारांवर हात ठेवला की कमी, हात काढला की दुप्पट. मी चहा घेऊन तिथेच होते. दरबारचा सेक्रेटरी बाह स्टारवेल पुढच्या खुर्चीत क्वाय चघळत बसला होता. सुपारीनं लाल झालेलं तोंड पुसत म्हणाला, "ऐकलंत? कोंबडी आरवली."

बँडची पोरं फिदीफिदी हसली. दायाहुन म्हणाली, "बाह, पेडल आहे ते. अंडं घालणार नाही."

"जुनं झालंय, कॉंग. मामाबरोबरच पाठवून द्यायचं होतंस."

आमच्यात बाह म्हणजे दादा आणि कॉंग म्हणजे ताई; ताई म्हणून असं बोलला. माझ्या हातात उकळत्या चहाची किटली होती आणि ती मी त्याच्या डोक्यावर रिकामी केली नाही, एवढंच माझं पुण्य. वर त्यानं फर्मान काढलं, पुढच्या दरबारापर्यंत ही गुरगुर थांबली नाही तर मामाचं गाणं स्टारवेलचा भाचा वाजवेल. त्या भाच्याला गिटार गळ्यात अडकवता येते. वाजवणं हे निराळं काम आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

खरं सांगायचं तर दायाहुनलाही आधी पेडलचाच संशय होता. माझ्या दुकानातल्या टेबलावर तिनं त्याचं पोट उघडलं. अडॅप्टर काढून बॅटरी घातली, वायर नवी आणली, कनेक्शन स्पिरिटनं पुसलं, आत एक तार हलत होती तिला डाग दिला. दर वेळी हॉलमध्ये जायची आणि दर वेळी तोंड पाडून परत यायची. माझं भाताचं गिऱ्हाईक टेबलासाठी उभं राहायचं. मी म्हणायचे, "उभ्यानं खा, ऑपरेशन चाललंय."

मग एका दुपारी ती वैतागून आपला अँप्लिफायरच माझ्या दुकानात घेऊन आली आणि माझ्या मिक्सरच्या सॉकेटमध्ये लावला. पेडल दाबलं. तारांवरून हात काढला. चुलीवरच्या चहाचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"कॉंग थेइ," ती मला म्हणाली, "हे तर गप्प आहे."

"मग?"

"मग रोग हॉलला आहे. तिथल्या माईकला ओठ लागले की झिणझिणी येते, तुला आली होती ना?"

आली होती. तालमीला माईकवरून 'चहा आला' म्हणाले तेव्हा; मला वाटलं, नव्या कवळीचा दोष.

"हॉलच्या मागे जमिनीतून एक पाइप वर आला होता," ती म्हणाली. "तो कुठाय?"

माझं डोकं सणकलं. तो पाइप म्हणजे हॉलचं अर्थिंग. तिच्या मामानंच पुरला होता आणि माझ्या आईला सांगितलं होतं, तिथली माती ओली ठेव, नाहीतर विजेला खाली जायला वाट राहणार नाही. आई रोज भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतायची, तिच्यामागे मी. या उन्हाळ्यात बादली घेऊन गेले तर तिथं सपाट सिमेंट. गाड्या लावायला जागा केली म्हणे. मी स्टारवेलला विचारलंही होतं. तो म्हणाला, "दरबारात ठरलंय, कॉंग. पाइप वाकडा दिसत होता." दरबारात सगळे सरळच बसलेले असतात ना.

दायाहुन तडक त्याच्याकडे गेली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे दरबारात मांडावं लागेल."

"मग मांडते."

"तू कशी मांडणार?"

सांगा आता. हिचं पेडल बदनाम होणार दरबारात, हिची जागा जाणार दरबारात, आणि हिनं तोंड उघडायचं नाही तेही दरबारातच.

दरबाराच्या दिवशी ती पेडल हातात घेऊन माझ्या दुकानात उभी राहिली. बँडचा विषय शेवटी होता. तिथवर पोचायची वेळच आली नाही. मुखिया बाह टेइबोर बोलायला उठला आणि भोंगा गुरगुरायला लागला. स्टारवेल माईक ठीक करायला पुढे झाला, तोंड जवळ नेऊन "हॅलो" म्हणाला, आणि पुढचं "आई गं" सगळ्या वस्तीनं ऐकलं.

दायाहुननं रस्ता ओलांडला. उंबऱ्याशी थांबली, आत पाऊल टाकलं नाही. पेडल डोक्यावर धरलं.

"बाह, कोंबडी इथे बाहेर आहे. मग आत आरवतंय कोण?"

आधी कोपऱ्यातला एक म्हातारा हसला, मग सगळा हॉल. मुखिया हसला नाही. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि काय झालंय ते त्यानं तिला विचारलं. तिनं सांगितलं, बाहेरूनच. आत ये, असं तेव्हाही कुणी म्हणालं नाही, हे मी विसरलेले नाही.

सिमेंट फुटलं, पाइप परत आला. स्टारवेल माझ्याकडे येऊन गोड आवाजात म्हणाला, "कॉंग, पाणी पहिल्यासारखं तूच घालशील ना?"

मी बादली त्याच्या हातात दिली. म्हटलं, "बाई कशी घालणार, बाह? दरबारात ठरवा." हल्ली सकाळी तोच येतो. मी चहा विचारते, पैसे घेते.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. दायाहुन मामाच्या जागेवर उभी राहिली, पेडल दाबलं आणि दोन्ही हात तारांवरून काढून वर धरले. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. स्टारवेल पुढच्या रांगेत होता. तो मान खाली घालीपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग माईकजवळ झाली. ओठ टेकवून म्हणाली, "बाह, आता जी ओरडेल, ती मी."