सतराव्या पातळीचा चहा

दर रविवारी आदिलाबादेत, आमच्या दुकानाच्या माळ्यावर, आम्ही फासे टाकून काल्पनिक वीरांचा खेळ खेळतो. गोष्ट मी रचतो. खेळतात बँकेतली माझी वहिनी आणि शेजारचे भाजीवाले काका. त्यांचे वीर सतराव्या पातळीवर पोचलेत. ते हवेत उडतात, डोंगर फोडतात. त्यांना जड जाईल असं काही रचायचं म्हणजे डोक्याला ताप. एकदा खेळाच्या नियमांच्या पुस्तकानं 'जीवघेणा' ठरवलेला ड्रॅगन त्यांनी दहा मिनिटांत लोळवला. माझी आठवड्याची मेहनत पाण्यात!

चिडून मी पुढं राक्षसाचा किल्ला ठेवला. तो सूर्यास्ताआधी गाठायचा होता; अंधार पडला की राक्षस शिकारीला बाहेर पडणार. वाटेत उगाच एक गाव टाकलं. पहिल्याच घरातल्या बाईनं चहा विचारला आणि दोघं बसले. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. काकांनी बर्फाचा मंत्र चहा निववायला वापरला.

"वहिनी, उडून जा नं!" शेवटी मीच ओरडलो.

"भाऊजी, एका घरी घेतला अन् दुसऱ्या घरी नाही, त बरं दिसते का?"

अकराव्या घरी सूर्य मावळला. राक्षसानं दोघांना खाल्लं.

आता खेळ अवघड करायचा असला की मी राक्षस वाढवत नाही, घरं वाढवतो.