बोटांना कळेनासं झालं

तिला सगळेच मावशी म्हणत. पार्लरमध्ये हाताखाली तिची भाची होती, आणि भाचीची हाक गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसली होती. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, पाण्याचं पातेलं. तेलकट चेहऱ्याच्या बायका लांबून यायच्या. त्यांनी काहीही लावलं तरी ते तेलावर तरंगायचं आणि दुपारपर्यंत रुमालावर उतरायचं. मावशी आधी दाणेदार लेपानं हलकं घासायची, कोमट पाण्यानं पुसायची, आणि त्वचा ओलसर असतानाच थेंबभर औषधी जेल तीन बोटांनी दाबून बसवायची. "आधी जागा करायची, मग पाहुणा बोलवायचा." घासणं कधी थांबवायचं हे तिला घड्याळ सांगत नसे. बोटाखालची खरखर संपली की बस.

"मावशी क्रीमही जिरवते आणि माणसाचीही," असं बायका म्हणायच्या.

या हिवाळ्यात बोटं मुकी झाली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग सगळीच. तिनं सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही. ते तिनं पुसलं आणि कुणाजवळ बोलली नाही. हात गेला तर मागे उरतं काय?

मंगळवारी शिक्षिकाबाई आल्या.

"मी करते आज," भाची म्हणाली. "काल तुझ्या हातून बशी पडली."

"बशीच निसरडी होती. तुझ्या जिभेसारखी."

"छे बाई, मला मावशीचाच हात हवा," बाई खुर्चीत रेलल्या. "उद्या वर्गाचा फोटो आहे. दरवर्षी मीच तेवढी तळून काढल्यासारखी चमकते."

मावशी घासू लागली. नाकाच्या कडेनं, हनुवटीवर, गालांवर. खरखर संपायची वाट पाहत राहिली. बोटाखाली खरखर नव्हती, गुळगुळीतपणा नव्हता, चेहराही नव्हता. म्हणून तिनं आणखी घासलं.

"मावशी, चरचरतंय हो."

"तेल सुटतंय. तुमच्यासारखंच हट्टी आहे."

बाई हसल्या आणि डोळे मिटून सोसत राहिल्या.

"मावशी, पुरे," भाची हळूच म्हणाली.

"आता तू मला शिकव."

तिनं पुसून घेतलं. जेलचा थेंब गालावर ठेवला आणि तो दिसेनासा झाला. दुसरा ठेवला. तोही गेला, भेगाळलेल्या जमिनीत पाणी जावं तसा. इतक्या वर्षांत या चेहऱ्यानं असं काही पिऊन घेतलं नव्हतं.

"अगंबाई, आज किती पटकन जिरलं!"

ताप बघतात तसा मावशीनं हात उलटा केला आणि बाईंच्या गालाला लावला. हाताच्या पाठीला अजून कळत होतं. गाल नुसता पेटला होता.

ती मागे सरली. "गार पाणी आण," ती भाचीला म्हणाली. "आणि इथून पुढे तूच कर."

"झालं का?" बाईंनी विचारलं. "उघडू डोळे?"

"नको," मावशी म्हणाली. "एवढ्यात नको."