चौदाव्या ओळीतला एक गुण

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी येरमाळ्याच्या स्टँडवर येडशीची बस बघत उभा होतो. बुधवार होता. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, फोनवर एवढंच म्हणाले, "सुलभा गेली. ये." मी विचारलं, "कुठं गेल्या?" कारण तीनच दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या स्वयंपाकघरात एकशे ऐंशी ग्रॅम ज्वारीचं पीठ मोजून दिलं होतं, आणि त्या केकबद्दल त्यांना एक उत्तर द्यायचं माझ्याकडं बाकी होतं. त्या उत्तरासाठीच हे लिहितो आहे. आज पाच आठवडे झाले.

आमची दोन्ही घरं एका भिंतीला लागून. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. वहिनींचं शिक्षण सातवीपर्यंत. त्यांना केकचा नाद लागला तो पुतणीच्या, प्रज्ञाच्या, एका वाढदिवसाला. बार्शीहून मागवलेला केक बसमध्ये चेपून आला. सगळे हळहळले. वहिनी मात्र तो बोटानं दाबून बघत होत्या, आत भोकं कशी पडतात म्हणून. "हे फुगतंय कशानं, भाऊजी?" मी सोडा, आम्ल, वायू असं सांगितलं. "म्हंजी ढोकळ्याचाच भाऊ की!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये मीठ तापवून पहिला केक केला. तो वरून कच्चा आणि खालून कोळसा झाला. दादांच्या गळ्यात माळ असल्यानं घरात अंडं येत नाही, त्यामुळं मोबाइलवरच्या निम्म्या कृती बादच होत्या. उरलेल्या निम्म्यांत 'एक कप' लिहिलेलं असायचं. त्यांनी घरातले तीन कप माझ्यासमोर मांडले. "ह्यातला कुठला?" मी तिन्ही पाण्यानं भरून मोजले. एकशे चाळीस, एकशे पासष्ट आणि दोनशे दहा मिलिलिटर. मग मी वजनकाटा आणला, एक दोनशे पानी वही आखली, आणि त्या दिवसापासून रविवारची सकाळ ठरून गेली. पुढं ओव्हनही आला.

वहीला सात रकाने होते. त्यातला सहावा गुणांचा आणि सातवा शेऱ्याचा. गुणांचा रकाना वहिनींमुळं आला. त्यांना साखरेचा आजार. केक कापला की त्या नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायच्या आणि बाकीचं माझ्या तोंडाकडं बघून ठरवायच्या. मी "बरा आहे" म्हटलं की चिडायच्या. "बरा म्हंजी किती? ताप उतरल्यावर माणूस बरा असतो. केकाला आकडा सांगा." मग मी दहापैकी गुण देऊ लागलो. सीताफळाच्या गराचा, चक्का बांधून केलेला थंड केक, साडेसात. पुरण भरलेला टार्ट, आठ. कॉफीचा एक केक इतका कडू झाला की तो म्हशीपुढं ठेवला, आणि म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. "ल्ह्या शून्य," वहिनी म्हणाल्या. "परीक्षक बदलला तरी निकाल तोच." पण शून्यानं त्या कधी खट्टू झालेल्या मी पाहिल्या नाहीत. बिघडलेला केक त्या पहिल्यांदा मधोमध चिरायच्या आणि आत काय झालंय ते बघायच्या. मला शाळेत इतक्या वर्षांत असं कुतूहल फार थोड्या मुलांत दिसलं.

गेल्या वर्षी त्यांनी ज्वारी धरली. "गव्हाचा केक सगळं जग करतंय. आपल्या मालदांडी ज्वारीचा का होऊ नये?" ज्वारी, भूमकडचा खवा, गूळ, दही, तूप. चव पहिल्यापासून छान. पण सुरी लावली की केकचा रवा व्हायचा. वहीत ज्वारीसाठी वेगळं पान काढलं, दर केकला एक ओळ, आणि एकेका रविवारी एकेक आकडा बदलत आम्ही बारा वेळा केला. तेराव्या वेळी आकडे जमले असं मला वाटलं, तरीही त्याचा रवा झालाच. "आता आकडे बदलायचे न्हाईत," वहिनी म्हणाल्या. म्हणून चौदाव्या वेळी मी तीच वजनं जशीच्या तशी करून दिली. पीठ एकशे ऐंशी, पाणी नव्वद... वजनं झाली की मी बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसायचो. माझं काम तिथं संपायचं.

चौदावा केक कापला तर सुरीमागं सरळ, गुळगुळीत काप उभा राहिला. वहिनींनी तो हातात धरून उलटा केला. एक कणही पडला नाही. मी खाल्ला. वहीत नऊ लिहिले.

"एक कुठं गेला?"

"राहिला."

"कशात राहिला? गोडाला, का भाजणीला?"

"विचार करून सांगतो."

"सांगा मग. ऐतवारी पुन्हा करायचाय." आणि मग हसत, "सगळं लिहून घेतलं न्हवं?"

"सगळं," मी म्हणालो.

मला विचार करायचं काहीच नव्हतं. केकात काही उणं नव्हतं. प्रात्यक्षिक परीक्षेत पैकीच्या पैकी द्यायचे नाहीत, ही सवय मी इतकी वर्षं बघत आलो आणि ती माझ्याही हातात बसली, हे एक. दुसरं असं की दहा दिले तर ज्वारीचं प्रकरण मिटलं, आणि मग रविवारी मी भिंतीपलीकडं कशाला जायचं? हे मी तेव्हा मनाशीही कबूल केलं नव्हतं.

वहिनींच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञानं वही मागितली. गेलेल्या माणसाच्या ताटात आवडीचा पदार्थ वाढतात. "आईला आयुष्यभर नखाएवढाच मिळाला. उद्या तिच्या ताटात अख्खा काप ठेवायचा," ती म्हणाली. चौदावी ओळ समोर ठेवून, वजनं माझ्याकडून दोनदा तपासून घेऊन तिनं केक केला. सुरी लावली आणि त्याचा रवा झाला. तिनं वही मिटून माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "काका, तुमची वही खोटी आहे." दुसऱ्या दिवशी ताटात चुराच वाढला.

वही खोटी नव्हती. मी रात्रंदिवस तेरावी आणि चौदावी ओळ शेजारी ठेवून वाचली. आकडे सारखे, ओव्हनचं तापमान सारखं, मिनिटंही सारखीच. मग एक रव्याचा आणि एक दगडी चिऱ्यासारखा कसा? मी दही बदलून पाहिलं, खवा बदलून पाहिला. उत्तर मिळालं ते मागच्या सोमवारी, माझ्याच घरात, जेवायला बसलो तेव्हा. माझी बायको रेखा भाकरीसाठी परातीतल्या पिठावर उकळतं पाणी ओतत होती.

"गरम पाणी कशाला?"

"पीठ जुनं झालंय. विरी गेली त्याची. उकळी ओतली की पीठ धरून राहतंय, न्हाईतर भाकरी थापताना चिरती." मग माझ्याकडं वळून, "सव्वीस वर्षं भाकरी खाताय, आज इचारताय व्हय?"

"वहिनीपण असंच करायच्या?"

"अहो, मला शिकवलंच त्यांनी की!"

मी ताटावरून उठलो आणि भिंतीपलीकडं गेलो. वहिनींची एक सवय होती. गिरणीतून दळण आलं की पिठाच्या डब्याच्या झाकणावर त्या खडूनं तारीख लिहायच्या. खडू मीच शाळेतून आणून दिलेला. झाकणावरची शेवटची तारीख आणि चौदाव्या ओळीची तारीख यांत सतरा दिवसांचं अंतर निघालं. म्हणजे त्या रविवारी पीठ जुनं होतं. मी मोजून दिलेलं नव्वद ग्रॅम पाणी त्यांनी उकळून थोड्या पिठावर ओतलं असणार, आणि तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. प्रज्ञानं केक केला तो तेराव्याच्या जेवणासाठी आणलेल्या ताज्या दळणाचा, आणि पाणी माठातलं. पाणी किती हे मी चौदा वेळा लिहिलं. कसं, हे एकदाही नाही. भाकरीच्या घरात ते कुणी कुणाला सांगत नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिलीच. वहिनींनी ते पाणी जाणून उकळलं होतं, की जुनं पीठ दिसल्यावर हात आपोआप गॅसकडं गेला? "सगळं लिहून घेतलं न्हवं?" असं विचारताना त्या का हसल्या? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ठरवता येत नाही.

या रविवारी प्रज्ञा आली होती. साठ ग्रॅम पिठाची उकड काढली, बाकीचं पीठ नंतर मिसळलं. या वेळी मी स्वयंपाकघरातून हललो नाही. केक कापला. काप उभा राहिला. प्रज्ञानं तो आईसारखाच उलटा धरला आणि तसाच वहिनींच्या फोटोपुढं नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाली, "किती, काका?" मी म्हणालो, "आठ. कडा करपल्यात." तिला रडता रडता हसू आलं. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मग मी चौदावी ओळ काढली. पाण्याच्या आकड्यापुढं 'उकळतं' असं लिहिलं. नऊ मात्र खोडले नाहीत, निरीक्षणाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. पण शेऱ्याचा रकाना कोरा होता. त्यात लिहिलं : एक गुण कापायला कारण नव्हतं.

वही पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. नवं दळण आलं होतं. रेखानं झाकणावर खडूनं त्या दिवसाची तारीख घातली, वहिनींच्या तारखेखाली, ती न पुसता.