चिपवर चिप

माझा दादा जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनचे बोर्ड दुरुस्त करतो. चाळीस वर्षांपूर्वीचे, पाटाएवढे बोर्ड, एकेकावर शंभर चिप. पडद्यावर रेघा येतात, रंग उडतात, विमानाचं नुसतं शेपूट उडत राहतं. लोक म्हणतात, फेकून द्या. दादा हसतो. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते, पण काउंटरवर मी बसते, गोड बोलावंच लागतं.

त्याची पद्धत साधी. जिचा संशय, त्या चिपच्या पाठीवर तशीच चांगली चिप ठेवायची, पायाला पाय जुळवून. चित्र सुधारलं तर खालची चोर. मग वरची काढायची, खालची उपसायची, तिथे नवी बसवायची. वरची तशीच ठेवून बोर्ड गिऱ्हाइकाला देणं दादाच्या लेखी पाप.

गेल्या महिन्यात एका गेम हॉलचा दुरुस्त करून दिलेला बोर्ड आठ दिवसांत परत आला. अर्धा तास खेळलं की पडद्यावरच्या पहिलवानाची कंबर गायब. डोकं पुढे, पाय मागे. मालकांचा निरोप होता, पुन्हा असं झालं तर सगळी मशीनं दुसरीकडे. दादाने बोर्डाची पेटी उघडली. चिपवर चिप, चार पायांना कथलाचे टाके मारलेले.

माझं डोकंच फिरलं. हॉलच्या इलेक्ट्रिशियनचेच उद्योग हे. दादा थांब म्हणेपर्यंत मी फोन लावलाही होता. मालकांना चांगलं फैलावर घेतलं. तुमचा माणूस बोर्डाला हात लावणार आणि नाव आमचं खराब होणार का? मालक वरमले. त्याला उद्यापासून घरी बसवतो म्हणाले. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू.

"टाके माझे आहेत," दादा म्हणाला. "तापल्यावर काय होतं ते बघायला मारले होते." मग हळूच, "बोर्ड देताना पेटी कुणी बांधली?"

मी. त्या दिवशी दादा आत तापाने फणफणला होता, हॉलचा माणूस दारात खोळंबला होता आणि पडद्यावर चित्र झकास दिसत होतं. आत जाऊन एकदा विचारायला काय धाड भरली होती मला?

दुसऱ्या दिवशी हॉल उघडताच गेले. मालक म्हणाले, "दादा आत्ताच येऊन गेले. पेटी त्यांनीच बांधली होती म्हणे. आमची मशीनं त्यांच्याकडे देणं बंद केलं."

आता संताप आला तो दादाचा. जन्मात एक खोटा टाका न मारणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतो, आणि तेही मला न विचारता?

"दादा खोटं बोलला," मी म्हणाले. "पेटी मी बांधली. तुमच्या इलेक्ट्रिशियनचं नावही मीच घेतलं."

इलेक्ट्रिशियन कोपऱ्यात स्विच उघडून बसला होता. मालकांनी त्यालाच विचारलं, काय करायचं. त्याने मान वर केली नाही.

"बोर्ड दादांकडेच पाठवा," तो म्हणाला. "फक्त फोन यांच्या हातात नको."

मला असा राग आला म्हणता. पण तो काढायला या खेपेला माझ्याखेरीज कुणीच उरलं नव्हतं.