साडूंची इंटरनेटवाली गाडी

स्वतःच्याच गाडीला खोटं बोलणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझाच साडू निघावा हे माझं नशीब! आमची मेहुणी गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून जर्मनीतल्या लेकीनं त्यांना इंटरनेटवाली गाडी घेऊन दिली. गाडी बोलते, ऐकते, कुठं आहे ते लेकीला तिकडं मोबाइलवर दाखवते. झालं! "जे पोरीला दिसतं ते चोराला दिसणार नाय व्हय?" हा किडा साडूंच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

गाडीत बसलं की चोरांना चकवायला ते मोठ्यानं जाहीर करायचे, "आज सोयगावला मुक्काम बरं का!" आणि गाडी न्यायची पडेगावला, भाजी आणायला. पहिल्यांदा मी भाबडेपणानं बायकोला "उद्या येतो" असा फोन केला, आणि थोड्याच वेळात मेथीची जुडी घेऊन दारात उभा! गाडीत मी कुणाचं लग्न जमलं का विचारलं, तर डोळे वटारून डॅशबोर्डकडं बोट, म्हणजे गाडी ऐकतेय! त्यात त्यांनी वाचलं की अशा गाड्यांच्या सुरक्षेसाठी सरकार नियम आणतंय. लगेच मला घेऊन आरटीओत. "धुराचं पीयूसी असतं, तसं कॉम्प्युटरचं कुठं मिळतं?" खिडकीतला माणूस गोंधळला, साडू गोंधळले, मी तर आधीपासूनच गोंधळलेला. नियम कंपनीला की आपल्याला, आलाय की यायचाय, कुणालाच धड सांगता येईना. शेवटी बाहेरून धुराचंच पीयूसी काढून परतलो.

मग वैतागून त्यांनी गॅरेजमध्ये गाडीचं इंटरनेटच बंद करून घेतलं. लेकीचा फोन आला तरी "आवाजाची पण नक्कल करतात, राव!" म्हणून तोडायचे.

एका दुपारी लेकीचा फोन मला आला. रडत होती. "काका, बाबा बरे आहेत ना? उठल्या उठल्या मी गाडी बघते. हललेली दिसली की समजते, बाबा ठीक आहेत. आता गाडीच दिसत नाही." मी धावत गेलो. साडू मजेत दाढी करत होते. ऐकलं तसा ब्रश हातातच राहिला. "मला वाटलं, गाडीवर नजर ठेवते," एवढंच म्हणाले. डोळे भरले होते बिचाऱ्याचे.

इंटरनेट त्याच दिवशी चालू झालं. चोरांची भीती गेली असं नाही. पण आता काही आणायचं नसलं, गुडघे ठणकत असले, तरी सकाळी ते दौलताबादच्या रस्त्याला चक्कर मारून येतातच. परवा अंगात लई ताप होता. मी म्हटलं, "आज राहू द्या." त्यांनी उशाखालची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "मग तुम्ही न्या, राव. पोरगी उठायच्या आत गाडी हलली पाहिजे."

मी नेली. बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही.