वारा सरला का?

पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात बावीस वर्षं मावशीनं लादी पुसली, चादरी बदलल्या, शौचाची भांडी दिली. पण तिचं खरं काम म्हणजे एक प्रश्न. डॉक्टरांना पेशंट खोटं सांगायचे, सिस्टरपुढे लाजायचे. मावशी खाटेच्या दांडीवर फडकं मारता मारता विचारायची, "काय हो, वारा सरला का?" भलेभले साहेबलोक लाल व्हायचे. मावशी म्हणायची, "लाजताय काय? खाल्लेलं आपोआप खाली घसरत नाही. घशापासून शेवटपर्यंत आतली नळी आवळत आवळत त्याला पुढे ढकलते. तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तरी ढकलेल. पण पोट उघडलं, की रुसून बसते. ती हलली, की आधी वारा येतो. मग पाणी, मग चहा, मग जेवण. तोवर उपास!"

खोटं बोलणाराही तिला कळायचा. पोटावर दोन बोटं टेकवली, की झालं.

आणि आता सात नंबरच्या खाटेवर तिचाच नवरा होता. आयुष्यभर शिवणयंत्रावर वाकलेला, अबोल माणूस. आतड्याचा एक तुकडा काढून दोन टोकं शिवली होती. "माझ्यासारखीच शिवण," एवढाच त्याचा विनोद. नाकात नळी, हाताला सलाईन.

पहिल्या दिवशी मावशीनं विचारलं. "नाही." दुसऱ्या दिवशी चार वेळा विचारलं. नाही, नाही, नाही, नाही. मावशीला रडू येईना, भीती वाटेना, काहीच वाटेना. ती बाकीच्या अकरा खाटा पुसत राहिली. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, रजा घ्या." रजा घेऊन घरी काय भिंतींना विचारायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "सरला."

मावशीनं बोटं टेकवली नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं सिस्टरना सांगितलं, डॉक्टरांनी नळी काढली, तिनं स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, दुपारी चहा. संध्याकाळी सगळं उलटून पडलं, हिरवं, चादरभर. पोट नगाऱ्यासारखं टम्म. नळी परत नाकात गेली. ती चादर मावशीनंच बदलली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं, तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथे तिनं नुसती त्याची उशी सरळ केली.

चौथ्या दिवशी डॉक्टर स्पष्टच बोलले. "मावशी, संध्याकाळपर्यंत हललं नाही, तर कुठे पीळ पडलाय का ते उघडून बघावं लागेल. दुसऱ्यांदा उघडणं त्यांना कितपत झेपेल, सांगता येत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. आणि पाच नंबरला पाणी दिलं.

दुपारी वॉर्ड पेंगत होता. मावशीनं फडकं खांद्यावर टाकलं, सात नंबरशी गेली आणि सरळ नवऱ्याच्या पोटावर कान ठेवला. लग्नाला तीस वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं कधी त्याचा हात धरला नव्हता. आत काहीच नाही, रिकाम्या खोलीसारखं. ती तशीच राहिली. एकाएकी गुडगुड झाली, चांगली लांबलचक.

मावशीनं डोकं वर केलं.

"तुझं पोट आहे ते," तो म्हणाला. "कधी जेवलीस?"

मावशीला आठवेना.

"जा. खाऊन ये."

ती मोरीजवळच्या स्टुलावर बसली आणि कालचा पाव चावू लागली. चव नव्हती. तिनं घास गिळला. तो छातीतून खाली गेला, पोटात पडला. कुणी न सांगता हिची नळी आपलं काम करत होती. मावशीला तिचा राग आला.

तिसऱ्या घासाला सिस्टर दारात. "मावशी! सात नंबर!"

पाव हातातच राहिला. "काय झालं?"

"सरला."

"त्यांनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अख्खा वॉर्ड जागा झाला!"

मावशीनं हात धुतले. पुन्हा धुतले. मग जाऊन आधी पोटावर बोटं टेकवली. पोट मऊ होतं. डॉक्टर तपासून गेले, पीळ नाही म्हणाले. संध्याकाळी तिनं चमच्यानं त्याचे ओठ ओले केले.

"अहो, काल खोटं का बोललात?"

त्यानं वॉर्डाच्या टोकाच्या खिडकीकडे बोट केलं.

"दर वेळी मी नाही म्हटलं, की तू त्या खिडकीशी जाऊन उभी राहायचीस," तो म्हणाला. "तुझी पाठ बघवेना."

मावशीनं दुसरा चमचा भरला. अर्धं पाणी त्याच्या गळ्यावर सांडलं. तिनं खांद्यावरच्या फडक्यानंच ते पुसलं. खाटा पुसायचं फडकं ते. मग त्याच फडक्यात तोंड घालून ती रडली, आणि बाकीचे अकराही जण भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिले.