माझ्या नावाने जोडलेले हात

एस.टी. वळणावर दिसली तशी अक्काने माझ्या हातात कुळथाच्या पिठाची पिशवी कोंबली आणि म्हणाली, "चढ गो लवकर. रडत बसलीस तर सीट जाईल." मी चढले. सीट मिळाली, खिडकीचीच. माझा मुलगा विलास मला न्यायला आला होता, तो मागे सामान लावत होता.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण आणि तीच माझी थोरली जाऊ. आम्हा दोघींना एकाच घरात दोन भावांना दिलेलं. बेचाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या, एका विहिरीचं पाणी ओढलं आणि रोज भांडलो. दोघींचे नवरे गेले तरी भांडण थांबलं नाही. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीखाली येऊन म्हणाली, "काय झालंच तर माणूस धाडीन. मेल्याचं फोनवर सांगू नये. ऐकणाऱ्याला धरायला समोर कोण तरी लागतं."

"कोण मरतंय आता?" मी म्हटलं.

"कोण तरी मरेलच की. तू नाहीतर मी." आणि पुढचे दात पडलेलं तोंड उघडून हसली.

आमच्याकडे म्हसळ्याच्या बाजूला ही पद्धतच होती. गावात कोणी गेलं की माणसं वाटून दिली जायची, तू ह्या गावाला, तू त्या गावाला. निरोप घेऊन आलेला माणूस दाराबाहेर उभा राहायचा, पाणीसुद्धा घ्यायचा नाही. सांगायचा, बाईमाणूस कोसळलं तर शेजारणीला हाक मारायचा आणि मग पुढच्या घराकडे चालू लागायचा. आम्हाला तेव्हा ते लांबण वाटायचं.

भाईंदरला येऊन आठ वर्षं झाली. केबिन रोडच्या आतल्या गल्लीत तिसरा मजला. एका बाजूला गुजराती, समोर यूपीवाले. मी पण आता "भैया, कोथिंबीर ताजा है क्या" म्हणते. मला आणलं ते नातीला, सईला सांभाळायला. विलास आणि सून स्नेहल, दोघं नोकरीला. हे कोणी लपवलं नव्हतं आणि मीही उगीच म्हणणार नाही की प्रेमापोटी आणलं. कामाला आणलं, काम केलं.

विलासने नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला. अक्काचा मुलगा महेश, तो गावीच असतो. त्याने घराण्यातल्या सगळ्यांचा ग्रुप काढला आणि मला त्यात घातलं. मला वाचता येतं, चौथी पास आहे. पण त्या ग्रुपवर सकाळी उठल्यापासून गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, कोणाची बारशी, कोणाचे वाढदिवस. कोण वाचणार? मी सईला सांगून ठेवलं होतं, "गावचं काहीही आलं की माझ्याकडून हात जोडून टाक. नाहीतर म्हणतील मुंबईला जाऊन शेफारली." आमच्या गावाला भाईंदरही मुंबईच.

सई शाळेतून आली की फोन घेऊन जेवायला बसायची. समोर कार्टून असलं की घास कुठे जातोय ते तिला कळत नाही, ताट रिकामं होतं आणि मलाही तासभर पाठ टेकता येते. तिला फोनची सवय आईबापांनी लावली असं मी शेजारणींना सांगायचे. खोटं आहे ते. दुपारी घरात मीच होते. मीच लावली. आणि लोन घ्या, प्लॉट घ्या असे फोन झोप मोडायचे म्हणून फोनचा आवाजही मीच बंद करून घेतला होता.

अक्काशी बोलणं दर एकादशीला. उपास दोघींचा, चुलीला सुट्टी, म्हणून तो दिवस. ती फोन कानाला लावायची नाही, तोंडासमोर धरायची आणि मला अर्धा वेळ तिचं कपाळच दिसायचं. मागच्या महिन्यातल्या एकादशीला सईने व्हिडिओ लावून दिला. समोर महेश आला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते. नुसते खुंट उगवलेले.

मी म्हटलं, "महेश, डोकं का भादरलंस?"

तो म्हणाला, "मावशी, चेष्टा करतेस?"

"अक्काला दे."

"मावशी, आई गेली त्याला चौदा दिवस झाले. परवा तेरावंही झालं. तू हात जोडलेस ना ग्रुपवर?"

फोन माझ्या हातात होता आणि सई बाजूला उभी राहून स्वतःलाच स्क्रीनवर बघून केस सारखे करत होती.

त्याआधीच्या एकादशीला अक्काशी बोललो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे अक्का गेली होती. महेशने ग्रुपवर लिहिलं, "आई सकाळी सहाला गेली. मावशी निघाली की कळवा, वाट बघतो." मला तीन फोन केले. आवाज बंद. विलासला केला. तो कामावर होता, दुपारी त्याने बघितलं आणि त्याला वाटलं, गावचा फोन म्हणजे पालखीचं काहीतरी असेल, रविवारी करू. तो रविवार आला आणि गेला. ग्रुप त्याने म्यूट करून ठेवलेला. हे मी त्याच्या तोंडूनच ऐकलं, त्याने ते अगदी सरळपणे सांगितलं, पाऊस आला म्हणून खिडकी लावून घेतली असं सांगावं तसं.

आणि एक वाजता सई शाळेतून आली. कार्टूनच्या वर गावचा मेसेज आला. तिने मी शिकवल्याप्रमाणे माझ्याकडून हात जोडले.

दहा दिवसांचं सुतक आमचं. त्या दहा दिवसांत मी रोज देवापुढे दिवा लावला. चौथ्या दिवशी सईचा नववा वाढदिवस झाला, केक कापला. कोणीतरी माझ्या नाकाला क्रीम फासलं, मी हसले आणि स्नेहलने तो फोटो स्टेटसला टाकला. गावात ज्यांच्याकडे फोन आहे त्या सगळ्यांनी बघितला.

हे कळलं त्या दुपारी मी उठून नेसत्या साडीनिशी डोक्यावरून बादली ओतून घेतली. ऐकल्यावर आंघोळ करायची असते. पाणी सकाळीच येतं, पिंपातलं अर्धं संपलं. स्नेहल त्या दिवशी घरी होती. ती बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "आई, आता कशाला? पंधरा दिवस झाले. सर्दी होईल." वाईट बाई नाही ती. पण तिला वाटत होतं, झालेली गोष्ट झाली.

विलास रजा काढून मला गावी घेऊन गेला. पूर्ण रस्ताभर माझ्या छातीत रडू साठलं होतं. आमच्यात ज्या घरात माणूस गेलं तिथे बाई दारात आली की आतल्या बायका धावत येतात, गळ्यात पडतात, मेलेल्याचं नाव घेऊन रडतात. मी दारात उभी राहिले. महेशची बायको बाहेर आली, पाण्याचा तांब्या दिला, "चहा टाकू ना?" म्हणाली. तेराव्यानंतर त्या घरात रडत नाहीत. त्यांचं रडून झालं होतं. मी माझं रडू घेऊन तशीच पडवीत बसले आणि चहा प्यायले. साखर जास्त होती.

महेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "दुपारपर्यंत ठेवली होती गो तुझ्यासाठी. सगळे म्हणत होते, मावशी येईल, तिच्याशिवाय कसं उचलायचं. मग एक वाजता तुझे हात आले. येते म्हणून काही लिहिलं नव्हतंस. म्हटलं, येत नाही. मग उचलली."

मी काय सांगणार? सईने टाकले? नऊ वर्षांच्या पोरीवर ढकलू? मी म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू दे." असू दे म्हणजे काय ते मला कळतं. बेचाळीस वर्षं त्या घरात काढलीत मी.

परत आल्यावर मी सईला विचारलं, त्या दिवशीचे हात दाखव. अक्का गेल्याच्या मेसेजखाली एकाखाली एक जोडलेले हातच हात. त्यातले माझे कुठले ते मला ओळखता येईना. सईने बोट ठेवलं. "हे बघ, हे तुझे. सगळ्यांचे पिवळे आहेत. मी गोरे टाकले, छान दिसतात म्हणून."

मी तिला काही बोलले नाही. तेव्हापासून फोन माझ्याकडे असतो. दुपारी चष्मा लावून ग्रुपवरचं एकेक अक्षर वाचते, फुलंसुद्धा. वाचल्याशिवाय काही पाठवत नाही आणि पाठवायचं असेल तर स्वतः लिहिते, चार शब्दांना पाव तास लागतो. सई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट अर्धं टाकून उठत होती. विलासने जेवताना सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यात ठेवायचे असा नियम काढला. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी त्याच्याच ऑफिसचा फोन आला.

मी विलासला सांगून ठेवलंय, "मी गेले की तू स्वतः गावी जा. दारात उभा राहा आणि सांग. पाणी घेऊ नको." तो "हो आई" म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "म्हणजे ग्रुपवर टाकायचं नाही?" म्हटलं, "टाक. पण आधी तू पोच."

आमच्या गल्लीत उत्तनहून फिलोमिना मासळी घेऊन येते. गावाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली. म्हणाली, "कुठं गेलतीस? बांगडे ठेवले व्हते तुझे." मी म्हटलं, बहीण गेली, मला पंधरा दिवसांनी कळलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"कंची गो? थोरली? ती भांडनारी?"

"तीच."

"आनि तुला कोनी न्हाय सांगला?"

मी मान हलवली. ती पायरीवर बसली, मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, "माझं हात घान हाईत, पन ये." आणि मला कवेत घेतलं. समोरचे यूपीवाले खाली उतरत होते, ते थबकले आणि पाटी ओलांडून गेले. मी तिथे अक्काचं नाव घेऊन रडले. पंधरा दिवस उलटून गेल्यावर, केबिन रोडच्या गल्लीतल्या एका बिल्डिंगच्या जिन्यात, परक्या बाईच्या खांद्यावर.

गावच्या घरात अजून माझी खोली आहे, तिच्यात आता महेशने भाताचे कणगे ठेवलेत. इथे हॉलमध्ये माझी कॉट आहे. मी गेले तर दोन्हीकडून हात जोडले जातील, त्याची मला खात्री आहे. पण अक्का म्हणाली होती तसं धरायला समोर माणूस मिळालं ते ना त्या घरात ना ह्या घरात. ते जिन्यात मिळालं. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर अजून गावाचंच नाव तोंडात येतं. पण ते सवयीने येतं.

त्या दिवशी साडीला मासळीचा वास लागला होता. स्नेहल म्हणाली, "आई, द्या इकडे, मशीनला लावते." मी दिली नाही.